नळ आलाय की

दादाच्या खालच्या मजल्यावर एक नट राहत असत. त्यांचं नाव आम्हा दोघांना नीट येत होतं, तरी आपसात बोलताना आम्ही त्यांना 'खालचे' म्हणायचो. "खालचे येऊन गेले." "खालच्यांना वरण दिलंय थोडं." ते मूळचे इटलीचे. चाळीस वर्षं त्यांनी इंग्लंडच्या सिनेमांत आणि टीव्हीवर कामं केली होती, पण त्यांचं नाव कुणाला माहीत नव्हतं. चेहरा मात्र सगळ्यांना पाहिल्यासारखा वाटे. वॉटफर्डच्या बाजारात बायका त्यांच्याकडे वळून बघत आणि विचारत, तुम्ही आमच्याकडे गॅसचं मीटर बघायला आला होतात का?

मी लेस्टरला, विद्यापीठाच्या ग्रंथालयात, आलेल्या पुस्तकांची वर्गवारी करायचं काम करत होते. अजूनही करते. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार दादाकडे जायचे. जेवणं झाली की तो टीव्ही लावायचा. तेव्हा नवे डिजिटल डबे घरोघर आले होते आणि त्यांवर दुपारी जुन्या मालिका पुन्हा दाखवत. खालचे वर यायचे, खिडकीजवळच्या ठरलेल्या खुर्चीत बसायचे, आणि मग आम्ही तिघं ते पडद्यावर कधी येतात याची वाट बघायचो. ते दारात दिसले की दादा म्हणायचा, "आला." थोड्या वेळाने कुणी त्यांना गोळी घातली किंवा कालव्यात ढकललं, की म्हणायचा, "गेला." हे दोन शब्द खालच्यांना पाठ झाले होते. ते स्वतःच बोट उंच करून म्हणत, "आला... थांबा, थांबा... गेला!"

"पहिल्या जाहिरातीच्या आत मेलो," ते एकदा म्हणाले. "दुसऱ्या जाहिरातीपर्यंत जगायला इंग्लिश असावं लागतं."

"बरं झालं," दादा म्हणाला. "तुझा चहा निवत होता."

आम्ही इंग्रजीत बोलायचो, हे सांगायला नको. लिहिताना ते मराठीतच येतं आहे.

त्यांची हकीगत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. गाव नेपल्सच्या वरच्या डोंगरात. अठराव्या वर्षी वडिलांबरोबर ते बेडफर्डच्या वीटभट्टीवर कामाला आले. चर्चच्या हॉलमध्ये नाटकं करता करता एका दिग्दर्शकाच्या नजरेस पडले, आणि तेही अभिनयामुळे नव्हे. त्याला एका हातावर चार बशा पेलणारा माणूस हवा होता. मग वेटर, न्हावी, ग्रीक जहाजमालक, स्पॅनिश पाद्री, तुर्की फौजदार, अरब, मेक्सिकन. इटालियन माणसाच्या कामासाठी त्यांना दोनदा नाकारलं. उच्चार पटत नाहीत म्हणाले.

आणि एकदा ते भारतीय झाले होते. त्याच वेळी त्यांची आणि दादाची ओळख झाली, एवढं मला माहीत होतं. दादा तेव्हा बावीस वर्षांचा, नुकताच मिरजेहून शिकायला आलेला. सुट्टीच्या दिवशी वॉटफर्डच्या जवळच्या स्टुडिओत गर्दीतला माणूस म्हणून उभा राहायचा. पुढे तो हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत लागला आणि स्टुडिओ सुटला, मैत्री सुटली नाही. दादाने लग्न केलं नाही. खालच्यांची बायको गेल्यावर त्यानेच त्यांना आपल्या इमारतीतला फ्लॅट रिकामा झाल्याचं कळवलं होतं.

मला ते 'सिस्टर' म्हणत. पहिल्या भेटीत दादाने 'माय सिस्टर' अशी ओळख करून दिली, तेवढंच त्यांनी उचललं. त्यांच्या गावी ही हाक नन्सना मारतात. मला मिरजेच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आठवायच्या. दोघांपैकी कुणी ती बदलली नाही.

दादा फेब्रुवारीत गेला. गुरुवारी सकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. छातीत दुखतं म्हणून दाखल केलं आहे, बोलत आहेत, घाबरण्यासारखं नाही, पण आलात तर बरं. माझ्या टेबलावर नऊ पुस्तकं उरली होती. ती मी संपवली आणि मग निघाले. का संपवली ते मला सांगता येत नाही. लेस्टरहून वॉटफर्डला जायचं म्हणजे आधी लंडनला जायचं आणि स्टेशन बदलून पुन्हा उलटं यायचं. मी पोचले तेव्हा पलंगाभोवतीचा पडदा ओढलेला होता. बाहेर खुर्चीवर खालचे बसले होते, मांडीवर दादाचा कोट. "सिस्टर," ते म्हणाले. 

मला रडू आलं नाही. त्या दिवशी नाही, विद्युतदाहिनीत नाही, नंतरही नाही. मी दोन आठवड्यांची रजा घेतली आणि दादाच्या फ्लॅटवर राहून आवराआवर करू लागले. कपडे धर्मादाय दुकानाच्या पिशव्यांत भरले. पुस्तकं विषयवार लावली, मग आकाराप्रमाणे लावली, मग पुन्हा विषयवार. चहा प्यायल्याचं कळत नसे, कप रिकामा दिसला की कळायचं. एकदा मी माझ्या मोबाइलवरून दादाच्या घरचा नंबर फिरवला. फोन शेजारच्या खोलीत वाजला आणि आन्सरिंग मशीनवर एका अनोळखी बाईने निरोप ठेवायला सांगितलं. दादाने स्वतःचा आवाज भरलाच नव्हता. तो कसा बोलायचा ते मला आठवेना. काय बोलायचा ते आठवत होतं, आवाज नव्हता.

मंगळवारी दुपारी खालचे वर आले. हातात एक व्हिडिओ कॅसेट होती.

"शनिवारी इथल्या फिल्म क्लबात माझा कार्यक्रम आहे," ते म्हणाले. "मी भारतीय झालो होतो तो भाग दाखवणार आहेत. नंतर मी बोलायचं. लोक प्रश्न विचारतील."

"छान आहे."

"तुमचा भाऊ शेजारी बसणार होता. कबूल केलं होतं." ते खुर्चीत बसले नाहीत. "त्यात मी मरतो, सिस्टर. मरताना तुमच्या भाषेत दोन वाक्यं बोलतो. तुमच्या भावाने शिकवलेली. त्यांचा अर्थ काय, हे तीस वर्षं विचारतो आहे. तो म्हणायचा, नंतर सांगतो. पूर्वी इथे भारतीय माणूस औषधाला नव्हता. आता क्लबाच्या यादीतच चार-पाच नावं आहेत. मी भर हॉलमध्ये काय बोलणार आहे, ते मला शनिवारच्या आत कळलं पाहिजे."

त्यांनी कॅसेट लावली.

समुद्रकाठचं एक बोर्डिंग हाउस. वरच्या खोलीत जहाजावरचा एक म्हातारा भारतीय खानसामा मरायला टेकला आहे. खालचे तेव्हा अडतीस वर्षांचे होते. चेहऱ्याला तपकिरी रंग, पांढरी दाढी, दोन उशा. उशाशी इंग्लिश नर्स. पायथ्याशी एक पोरगेला भारतीय उभा, हा पुतण्या. त्याला संवाद नाही. कॅमेरा त्याच्यावर नव्हता, त्यामुळे तो धूसर होता, पण कान दादाचे होते. खरा माणूस मागे गप्प उभा होता आणि रंगवलेला पुढे बोलत होता.

"संहितेत एवढंच लिहिलं होतं," खालचे म्हणाले, "तो आपल्या भाषेत काहीतरी बोलतो आणि मरतो. दिग्दर्शक तुमच्या भावाकडे वळला. म्हणाला, ए मुला, तुमच्यात मरताना काय म्हणतात? आता ऐका."

पडद्यावरच्या म्हाताऱ्याने डोळे उघडले, नर्सच्या पलीकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हटलं:

"नळ आलाय की. घागर लाव."

आणि मान टाकली.

मी मागे घेऊन पुन्हा लावायला सांगितलं. त्यांनी लावलं. 'नळ'मधला ळ स्वच्छ होता. मराठी शिकणाऱ्या गोऱ्या माणसाला वर्षानुवर्षं जमत नाही असा. आणि तो 'की'. मिरज सोडून तीस वर्षं झाली तरी दादाच्या बोलण्यातून न गेलेला, शेवटी किंचित वर उचललेला. दादाचा आवाज त्या माणसाच्या तोंडात होता, सगळाच्या सगळा.

मिरजेला आमच्याकडे दुपारी तीनला नळ यायचा, अर्धा तास. कोपऱ्यावर व्हॉल्व्ह सोडणारा माणूस दिसला की दादा तिथूनच ओरडत यायचा. मागच्या पिंपाला नळी लावायचं काम त्याचं, पुढच्या नळाखाली पिण्याची घागर लावायचं माझं. मी दाराआड वाचत बसलेली असायचे. "लावली!" असं तिथूनच म्हणायचे आणि बसून राहायचे.

"शिवी आहे का?" खालच्यांनी विचारलं.

"नाही."

"शपथ?"

"शपथ. उद्या नीट लिहून देते."

मी एका कार्डावर ते इंग्रजीत लिहिलं. पाणी आलं आहे, तुझं पात्र पुढे ठेव. इंग्रजीत ते एखाद्या धर्मग्रंथातलं वाटत होतं. एकही शब्द खोटा नव्हता. मी कार्ड पुस्तकांवर ठेवलं आणि बराच वेळ त्याकडे बघत राहिले. शनिवारी त्यांनी हे वाचून दाखवलं असतं तर तीसेक इंग्लिश लोकांनी माना हलवल्या असत्या आणि मागे कुणी मराठी असता तर तो पोट धरून हसला असता. की नसता हसला, मला ठरवता येईना.

बुधवारी ते आले. मी कुकरची शिट्टी धुऊन पुसत होते. त्यांनी चष्मा लावून कार्ड वाचलं.

"पाणी," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं." मग खुर्चीत बसले. "माझी बायको गेली ना, तेव्हा मी हेच म्हटलं. पाद्री वेळेवर पोचला नाही. लॅटिन मला येतं थोडं, पण ते सगळ्यांचं. हे माझं होतं. चाळीस वर्षांत दुसऱ्यांची वाक्यं म्हटली, पण हे एकच असं होतं की ते म्हटल्यावर सेटवर कुणी हललं नाही. म्हणून तिच्या कानात हेच म्हटलं. तुमचा भाऊ पलंगाच्या पलीकडे उभा होता. त्याने मान खाली घातली."

मी तिथे थांबू शकले असते. पण मी आयुष्यभर पुस्तकं ज्या त्या कप्प्यात ठेवायचं काम केलं आहे, आणि हे चुकीच्या कप्प्यात जात होतं.

"नळ म्हणजे टॅप," मी म्हणाले.

"कसला टॅप?"

"अंगणातला. म्युनिसिपालिटीचा. आमच्याकडे दिवसातून अर्धा तास पाणी यायचं. आलं की सांगायचं, नळ आला, घागर लाव. हे रोजचं होतं. प्रार्थना नाही."

ते कार्डाकडे बघत राहिले.

"म्हणजे मी माझ्या बायकोला सांगितलं की टॅप चालू झालाय."

"हो."

"आणि त्याला माहीत होतं."

"हो."

"बदमाश," ते म्हणाले. रागाने म्हणाले की कसे, मला कळलं नाही. त्या दिवसांत मला आवाजांतलं फारसं काही कळत नव्हतं. ते उठून खिडकीशी गेले. खाली कौन्सिलची गाडी कचरा उचलत होती. ती उचलून पुढच्या दारापर्यंत गेली.

"नाही," मग ते म्हणाले. "थट्टा करणारा माणूस एकदा शिकवतो आणि लांब जाऊन हसतो. याने माझ्याकडून अकरा वेळा म्हणवून घेतलं. चहाची सुट्टी गेली त्यात. जीभ उलटी कर, टाळूला लाव, सोड. मी दाढी करतानासुद्धा घोकत होतो. तो शब्द आला, तरी याचं समाधान होईना. म्हणाला, तू मरणाऱ्या माणसासारखं म्हणतो आहेस, तसं नको. मी म्हटलं, अरे, मी मरतोच आहे! तो म्हणाला, समोर बारा वर्षांची मुलगी आहे असं समज. दाराआड बसून पुस्तक वाचते आहे. तिला काही ऐकू जात नाही. तिला सांगतोस असं म्हण. मोठ्याने नको, ओरडून ती उठत नाही. मी विचारलं, मग कशाने उठते? तो म्हणाला, ठाऊक नाही. मी रोज म्हणतो."

खालचे खिडकीतून वळले. माझ्याकडे त्यांनी बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं.

"अच्छा," ते म्हणाले.

कुकरची शिट्टी माझ्या हातात होती. ती मी कुठे ठेवली ते नंतर सापडलं नाही. मी त्यांना म्हटलं, शनिवारी तुम्हाला जो सांगावासा वाटेल तो अर्थ सांगा, मी काही बोलणार नाही. त्यांनी कार्ड घडी न घालता खिशात ठेवलं आणि जिना उतरून गेले. गुरुवारी, शुक्रवारी ते वर आले नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी मी त्यांच्या दाराशी वरणाचा डबा ठेवला. सकाळी तो रिकामा, धुतलेला, माझ्या दाराशी होता. तेवढ्यावरून ते कार्यक्रमाला जाणार की नाही हे समजत नव्हतं.

ते गेले. निळा सूट, त्याच कापडाची टाय. हॉलमध्ये तीसेक माणसं, बहुतेक वयस्कर इंग्लिश. मी तिसऱ्या रांगेत कडेला बसले. माझ्या मागे एक तरुण जोडपं होतं. बोलण्यावरून पुण्याकडचं, दोघंही सॉफ्टवेअरमधली. आईबाबा येणार आहेत तर त्यांच्या व्हिसाचं काय, असं काहीतरी चाललं होतं. दिवे मालवले. बोर्डिंग हाउस आलं, नर्स आली, दाढी आली.

"नळ आलाय की. घागर लाव."

मागची मुलगी फिस्सकन हसली. मग तिचा नवरा हसला, मोठ्याने. पुढच्या रांगेत बसलेल्या खालच्यांची मान ताठ झाली. ते वळले नाहीत. मी वळले. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे. मुलगा ओशाळून पुढे वाकला.

"सॉरी हं काकू. मराठी ना तुम्ही? पण ते 'नळ आलाय' म्हणाले ना? तुम्हालाही तसंच ऐकू आलं ना?"

"हो."

"आणि तो 'की'! आलाय की! टोटल सांगली-कोल्हापूर. कुठले आहेत हो हे?"

"मिरजेचे," मी म्हणाले.

"बघ!" मुलगी नवऱ्याला म्हणाली. "म्हटलं नव्हतं मी? नाकावरूनच आपल्याकडचे वाटतात."

दिवे लागले. खालचे स्टेजवरच्या खुर्चीत बसून बोलले. बेडफर्डची भट्टी, चार बशा, जाहिरातीच्या आतलं मरण. लोक योग्य जागी हसले. मग मफलर गुंडाळलेल्या एका बाईंनी हात वर केला. त्या शेवटच्या शब्दांचा अर्थ काय, त्यांनी विचारलं. एखादा मंत्र आहे का?

खालच्यांनी खिशात हात घातला. कार्ड बाहेर काढलं, बघितलं, आणि मांडीवर पालथं ठेवलं.

"नाही," ते म्हणाले. "तो आपल्या बहिणीला बोलावतो आहे. नळाला पाणी आलंय, ते थोडाच वेळ असतं. ती आत वाचते आहे."

मागे कुणी हसलं नाही.

"मग ती येते का?" बाईंनी विचारलं. "पाणी जायच्या आत?"

खालचे माझ्याकडे बघत होते, समोरच्याचं वाक्य यायची वाट बघणारा नट बघतो तसे. मग बाईही वळल्या, आणि आणखी दोघं-तिघं.

"येते," मी म्हणाले.

बाईंनी समाधानाने मान हलवली आणि दुसऱ्या कुणी दुसरं काही विचारलं.

मी पान संपवून उठायचे. घागर नळाखाली जाईपर्यंत अर्धा वेळ गेलेला असे, आणि मग नळ सूं सूं करायला लागे. घागर अर्धीसुद्धा भरलेली नसायची. आई आत स्वयंपाकघरात असायची. दादा ती घागर दोन्ही हातांनी उचलायचा, कमरेत वाकायचा, दात आवळायचा, आणि भरलेली असल्यासारखी, पावलं जड टाकत, आईच्या समोरून आत घेऊन जायचा.